वडिलांच्या हृदयातल्या पेशींचं मरण थांबवणारं औषध डॉक्टर का देत नाहीत?

वाचकाचा प्रश्न : सोलापुरातल्या एका यंत्रमागधारक कुटुंबातल्या मुलीचं हे पत्र आहे. वडिलांचं वय ५८. पाच आठवड्यांपूर्वी पहाटे त्यांच्या छातीत जळजळ सुरू झाली. पित्त समजून सोडा घेतला, थंड दूध घेतलं आणि रुग्णालयात पोचायला दुपार झाली. मध्ये आठ तास गेले. अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. घरी सोडताना टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण, ३२ टक्के होतं. आता जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी घोट्याशी सूज दिसते. पुण्यातल्या भावाने वाचलं की झटक्यानंतर हृदयाच्या पेशी आतून ठरल्यासारख्या मरत राहतात आणि दाह त्यात भर घालतो. त्याने हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल पाठवल्या आहेत, कोल्चिसिन ही दाह कमी करणारी गोळी सुरू करा म्हणतो, स्टेम सेलची चौकशी करतो, आणि लोहामुळे पेशी मरतात म्हणून पालक नि गूळ बंद करायला लावलं आहे. दरम्यान बीपी १००/६४ दिसलं म्हणून ‘बीपीच्या’ दोन गोळ्या, सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन, घरच्यांनी आठ दिवसांपासून थांबवल्या आहेत. गुडघा दुखला की वडील, म्हणजे अण्णा, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेतात. ताई विचारतात : पेशी वाचवणारं औषध डॉक्टर का देत नाहीत? आणि ते आठ तास गेले नसते तर?

ताई,

आधी एक काम. हे वाचून झालं की तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन करा आणि दोन गोळ्या आठ दिवस बंद आहेत, पायावर सूज आहे, धाप आहे, मधूनमधून डायक्लोफेनॅक घेतलं जातंय, हे चारही एका दमात सांगा. स्वतःच्या मनाने त्या गोळ्या पूर्ण मात्रेत पुन्हा सुरू करू नका. खंड पडल्यावर कुठून सुरुवात करायची हे बीपी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि पोटॅशियम पाहून ठरतं. डायक्लोफेनॅक मात्र आजच बंद करा.

आता भावाच्या वाचनाबद्दल. त्याने वाचलं ते खोटं नाही. त्यातून त्याने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीच्या जागी गेला आहे, आणि ज्या गोष्टीसाठी तो धडपडतोय तीच गोष्ट करणाऱ्या गोळ्या घरात बंद पडून आहेत. हे कसं, ते नीट समजून घेऊ.

हृदयाची धमनी बंद झाली की तिच्या हद्दीतल्या स्नायूपेशींना प्राणवायू मिळत नाही. साधारण २० मिनिटांनंतर कायमचं नुकसान सुरू होतं. ते आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे सरकत जातं आणि काही तासांत भिंतीच्या पूर्ण जाडीपर्यंत पोचू शकतं. डाव्या कप्प्यात काही अब्ज स्नायूपेशी असतात. मोठ्या झटक्यात त्यातल्या १ अब्जाच्या आसपास जाऊ शकतात. सगळ्या एकाच तऱ्हेने मरत नाहीत. काहींची ऊर्जा संपते, त्या फुगतात आणि फुटतात. काही अपॉप्टोसिसच्या वाटेने जातात, म्हणजे पेशी स्वतःच्याच यंत्रणेने आपले तुकडे करून आवरून घेते. या प्रकाराला हे नाव १९७२ मध्ये मिळालं. नेक्रोप्टोसिस आणि पायरोप्टोसिसमध्ये मरणाचा आदेश पेशीच्या आतूनच येतो, पण पेशी फुटते आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. फेरोप्टोसिसमध्ये लोहाच्या साहाय्याने पेशीच्या आवरणातली चरबी जळत जाते. हे नाव तर २०१२ मधलं. बंद धमनी उघडून रक्त परत येतं तेव्हाही काही पेशी दगावतात. तरीही धमनी उघडणं हाच सर्वांत मोठा फायदा आहे, कारण ती बंद राहिली असती तर त्याहून कितीतरी जास्त पेशी गेल्या असत्या.

हा सगळा मोठा संहार पहिल्या तासांतला आणि दिवसांतला आहे. आज पाचवा आठवडा आहे. त्या मरणाला रोखणारं औषध आज मिळालं, तरी ते लागू करायला ती वेळच उरलेली नाही. वेळेवर देऊनही यश आलेलं नाही : पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचं छिद्र बंद ठेवून पेशी वाचवायची म्हणून सायक्लोस्पोरिन हे औषध धमनी उघडण्याच्या क्षणी देऊन पाहिलं. प्राण्यांमध्ये आशा होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ९७० रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही.

दाहाबद्दलचं गृहीतकही तपासायला हवं. फुटलेल्या पेशींचा ऐवज सांडला की काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, पहिल्या एक ते तीन दिवसांत त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते. मागोमाग मॅक्रोफेज येतात आणि मेलेलं मांस साफ करतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून हाच दाह ओसरून दुरुस्तीचं काम सुरू होतं; फायब्रोब्लास्ट या दुरुस्ती करणाऱ्या पेशी कोलॅजन या प्रथिनाचे धागे विणतात आणि पुढच्या सहा-आठ आठवड्यांत तिथे घट्ट व्रण तयार होतो. ही साफसफाई झालीच नाही तर व्रण कच्चा राहतो, आणि पहिल्या आठवड्यात तर कच्ची भिंत फाटूही शकते. म्हणून अण्णांच्या हृदयातला सगळा दाह शत्रू नव्हता. त्यातला बराचसा भाग त्यांना वाचवत होता. शत्रू आहे तो गरजेपेक्षा जास्त आणि गरजेपेक्षा लांबलेला दाह, आणि त्याला वेगळं काढून मारणं माणसात फार अवघड ठरलं आहे.

हे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. हृदय कमजोर झालेल्यांना टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं. २००३ च्या चाचणीत जास्त मात्रेवर मृत्यू आणि भरती होणं उलट वाढलं. इंटरल्यूकिन-१ बीटा या दुसऱ्या दाहकारक प्रथिनाला अडवणारं कॅनाकिन्यूमॅब २०१७ मध्ये जुना झटका आलेल्या आणि सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेल्या १०,०६१ जणांत तपासलं. १५० मिलीग्रॅमच्या मात्रेवर पुन्हा झटका, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं, पण जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. हृदयासाठी ते औषध वापरात आलं नाही.

कोल्चिसिन त्यामानाने स्वस्त आणि जुनी गोळी आहे, आणि भाऊ तिच्याबद्दल अगदीच हवेत बोलत नाही. २०१९ मध्ये झटक्यानंतर ३० दिवसांच्या आत ०.५ मिलीग्रॅम रोज दिल्यावर ४,७४५ रुग्णांत पुढचे धोके २३ टक्क्यांनी कमी झाले. पण २०२४ मध्ये ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. आणि तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं : २०१९ च्या त्या चाचणीत पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली असलेल्यांना घेतलंच नव्हतं. अण्णांचं पंपिंग ३२ आहे. ज्या गटावर औषध तपासलंच गेलं नाही त्या गटात ते मनाने सुरू करायचं नसतं. मूत्रपिंड मंद असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन, व्हेरापॅमिल, डिल्टियाझेम यांपैकी काही सोबत असेल तर कोल्चिसिन अंगात साचून विषारी ठरू शकतं. जुलाब तर साध्या मात्रेवरही होतात, आणि जुलाब लागले की बाकीच्या सगळ्या औषधांचं गणित बिघडतं. डॉक्टरांना विचारा जरूर, पण दुकानातून आणू नका.

मग आज अण्णांच्या हृदयात काय चाललंय? व्रण आकुंचन पावत नाही, म्हणून उरलेल्या जिवंत पेशींवर जास्त भार येतो. मागावरच्या ताण्यातले काही धागे तुटले की शेजारच्या धाग्यांवर ओढ वाढते आणि लक्ष दिलं नाही तर तेही तुटू लागतात, तसंच हे. कप्पा हळूहळू फुगतो, भिंतीवरचा ताण वाढतो. रक्ताभिसरण कमी पडतंय असं समजून शरीर अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन आणि अ‍ॅड्रिनॅलिनच्या जातीची संप्रेरकं सोडत राहतं. काही काळ त्याने हृदय रेटलं जातं, पण हीच संप्रेरकं आणि हाच ताण जिवंत पेशींना अपॉप्टोसिसकडे ढकलतात, दाह धुमसता ठेवतात आणि निरोगी भागातही कोलॅजन साठवतात. हे मरण अगदी संथ असतं. पण संथ म्हणजे क्षुल्लक नव्हे : २००३ मध्ये उंदरांवर दाखवलं गेलं की एका लाखात जेमतेम २३ पेशी एका वेळी अपॉप्टोसिसमध्ये असतील, तरी काही महिन्यांत हृदय फुगून प्राणी मरतात. आणि माणसाच्या हृदयात नवीन स्नायूपेशी बनण्याचा वेग तरुणपणी वर्षाला १ टक्क्याच्या आसपास, म्हातारपणी त्याच्या निम्म्याहूनही कमी. भरपाई होत नाही, म्हणून गळती थांबवणं हाच मार्ग.

ती गळती थांबवणारी औषधं डॉक्टरांनी दिलेली आहेत. ‘बीपीची गोळी’ या नावाने त्यांचा घात होतो. झटक्यानंतर पंपिंग ४० किंवा त्याखाली असलेल्यांत अँजिओटेन्सिन रोखणाऱ्या कॅप्टोप्रिलने १९९२ मध्ये मृत्यू १९ टक्क्यांनी घटवले, अ‍ॅड्रिनॅलिनचा मारा रोखणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या कार्व्हेडिलॉलने २००१ मध्ये २३ टक्क्यांनी. आणि सोबत हार्ट फेल्युअरची लक्षणं किंवा मधुमेह असलेल्यांत अल्डोस्टेरॉन रोखणाऱ्या एप्लेरेनोनने २००३ मध्ये १५ टक्क्यांनी. स्पायरोनोलॅक्टोन त्याच घरातलं औषध आहे. सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टन हे कॅप्टोप्रिलच्या वाटेवरचं पुढचं औषध, आणि चौथं डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन १० मिलीग्रॅम. ही मुळात साखरेची गोळी, पण साखर नसलेल्यांच्या कमजोर हृदयालाही तिचा फायदा होतो हे २०१९ पासून सिद्ध आहे. चिठ्ठीत हे चारही गट आहेत का पाहा. एखादा नसेल तर का नाही, हे विचारा. कारण असेल तर डॉक्टर सांगतील. खर्चामुळे गोळ्या सुटत असतील तर तेही सांगा. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ती बरीच स्वस्त झाली आहे, आणि जनऔषधी केंद्रात यांतली बरीच औषधं कमी दरात मिळतात.

बीपी १००/६४ पाहून तुम्ही घाबरलात, ते साहजिक आहे. पण कमजोर हृदयात, चक्कर नसेल, लघवी नीट होत असेल आणि हातपाय गार पडत नसतील तर १०० चं बीपी चालतं. पुष्कळ रुग्ण ९५-१०० वर छान हिंडतात-फिरतात. वरचा आकडा ९० च्या खाली गेला, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डॉक्टर आधी जीव न वाचवणाऱ्या गोळ्या काढतात, उदाहरणार्थ अम्लोडिपिन ही नुसती बीपी उतरवणारी गोळी. सूज नसेल तर लघवीची गोळी कमी करतात, किंवा दोन गोळ्यांच्या वेळांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवतात. ही चार औषधं सगळ्यांत शेवटी हलवायची. त्यातही बीटा ब्लॉकर कधीच एका झटक्यात बंद करायचा नाही. नाडी उसळते आणि छातीत दुखणं परत येऊ शकतं.

एक धोका खरा आहे, आणि त्यासाठी रक्त तपासावंच लागतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वॅल्सार्टन दोन्ही रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर आठवड्याने आणि पुन्हा चार आठवड्यांनी पोटॅशियम व क्रिएटिनिन करा. पोटॅशियम ५.५ च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराईड असतं. बीपीच्या साध्या रुग्णाला ते चालेल, अण्णांना नाही. साधंच मीठ, पण कमी.

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची जोडगोळी असलेल्या सगळ्या वेदनाशामक गोळ्या झटक्यानंतर वर्ज्य. भावाला दाह कमी करायचा आहे ना? ही दाहच कमी करणारी औषधं आहेत, आणि झटक्यानंतर ती घेतल्यास पुन्हा झटका व मृत्यूचा धोका पहिल्या काही दिवसांतच वाढू लागतो असं दिसलं आहे. त्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, पोटॅशियम चढवतात. अ‍ॅस्पिरिन आणि दुसऱ्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत पोटात रक्तस्राव करू शकतात. घोट्याची सूज दोन गोळ्या बंद केल्याने आली की डायक्लोफेनॅकने, हे सांगता येणार नाही. दोन्ही कारणं पुरेशी आहेत. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० मिलीग्रॅम गरजेपुरतं, वरून शेक, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्या आणायच्या नाहीत. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

हळद आमटीत राहू द्या. अर्काच्या कॅप्सूल नकोत : हृदय वाचवल्याचा पुरावा नाही, आणि स्टेंटनंतरच्या दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्रावाची शंका उगाच विकत घ्यायची. स्टेम सेलचा खर्च अजिबात नको. हृदयात नव्या पेशी उगवतात असा दावा करणाऱ्या एका प्रसिद्ध संशोधकाचे ३१ निबंध मागे घ्यावेत अशी शिफारस हार्वर्डने २०१८ मध्ये केली. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयासाठी स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीत देता येतात, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. कोणी लाखोंचं पॅकेज सांगितलं तर तेवढ्यावरूनच ओळखा.

पालक आणि गूळ यांचा फेरोप्टोसिसशी संबंध नाही. ताटातलं लोह थेट हृदयाच्या पेशीत जाऊन बसत नाही. उलट कमजोर हृदयात लोहाची कमतरता धाप वाढवते. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाचा साठा नि पुरवठा दाखवणाऱ्या तपासण्या करून घ्या. फेरिटिन १०० च्या खाली, किंवा १०० ते २९९ मध्ये असून सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली, तर शिरेतून लोह देण्याचा विचार होतो. यात तोंडाने घ्यायच्या लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

घरातलं रोजचं काम आता. सकाळी लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन. वहीत तारीख, वजन, बीपी, नाडी. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे. धाप वाढायची वाट न पाहता फोन. मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण आणि आपली शेंगाचटणी सगळं आलं. चटणी सोडायची गरज नाही. अण्णांसाठी वेगळी, निम्म्या मिठाची कुटा, लसूण-तिखट नेहमीसारखं. कडक भाकरी घेताना तिच्यात मीठ आहे का ते विचारून घ्या.

सोलापूरचा उन्हाळा हा स्वतंत्र विषय आहे. पारा ४२ च्या वर गेला की घामातून मीठ-पाणी जातं आणि हिवाळ्यात बरोबर असलेली लघवीची गोळी जास्त पडू लागते : वजन उतरतं, चक्कर येते, क्रिएटिनिन चढतं. दिवसाला किती पाणी आणि उन्हाळ्यात गोळी किती, हे मार्चमध्येच डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुलाब, उलट्या किंवा ताप असून जेवण तुटलं तर त्याच दिवशी फोन करा. बहुधा डॅपाग्लिफ्लोझिन, स्पायरोनोलॅक्टोन, लघवीची गोळी काही दिवस थांबवायला सांगतील, आणि खाणं-पिणं पूर्ववत झालं की परत सुरू. थांबवायची वेळ ही, बीपी १०० दिसलं ती नव्हे.

चालणं धाप आणि सूज आटोक्यात आल्यावर, डॉक्टरांच्या होकाराने : सपाट रस्त्यावर ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा, दर दोन-तीन दिवसांनी २ मिनिटं वाढवत अर्ध्या तासापर्यंत. चालताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. मागावर एवढ्यात उभं करू नका. उकाडा, सुताची धूळ आणि तासन्‌तास उभं राहणं हे सगळंच आत्ता जड आहे. बिडी किंवा तंबाखू असेल तर ती या सगळ्याच्या आधी सुटायला हवी. आणि फ्लूची लस घ्या, झटक्यानंतर ती देण्याने पुढचे धोके कमी झाल्याचं २०२१ च्या चाचणीत दिसलं.

३२ टक्के हा अण्णांचा कायमचा आकडा नाही. घरी सोडतानाच्या इकोमध्ये मेलेल्या पेशींसोबत नुसत्या बधिर झालेल्या पेशीही मोजल्या जातात, आणि त्या काही आठवड्यांत जाग्या होऊ शकतात. चारही औषधं सहन होतील तेवढ्या मात्रेपर्यंत वाढवून तीन महिन्यांनी इको पुन्हा करा. तेव्हाही ३५ किंवा त्याखाली असेल तर छातीत बसवायच्या, ठोके बिघडले तर झटका देऊन अचानक मृत्यू टाळणाऱ्या आयसीडी यंत्राचा विचार होतो; झटक्यानंतर किमान ४० दिवस आणि पूर्ण औषधोपचार झाल्याशिवाय तो निर्णय घेत नाहीत.

त्या आठ तासांबद्दल. होय, लवकर पोचला असता तर काही पेशी वाचल्या असत्या, हे तुम्हाला गोड करून सांगणार नाही. पण पहाटेची जळजळ पित्तासारखीच वाटते, आणि तुम्ही अण्णांना नेलंत म्हणून ती धमनी उघडली गेली. त्याचा दोष स्वतःवर घेऊन तुम्ही थकलात तर वही, गोळ्या आणि फोन कोण सांभाळणार? भावाची धडपड प्रेमातूनच आहे. त्याला एक नेमकं काम द्या : गोळ्यांचा तक्ता, तपासण्यांच्या तारखा आणि डॉक्टरांचे प्रश्न त्याने पुण्यातून सांभाळावेत.

पुन्हा छातीत दाब, जळजळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं १० मिनिटं टिकलं, आडवं झोपता येईना, गुलाबी फेस आला किंवा शुद्ध हरपली, तर सोडा नको, दूध नको. १०८ ला फोन करा. ज्या रुग्णालयात रात्री ईसीजी आणि अँजिओप्लास्टी होते त्याचं नाव नि नंबर आजच भिंतीवर लावून ठेवा, म्हणजे शोधण्यात वेळ जाणार नाही.